एकेका नॅनोकणाचे चुंबकत्व कसे मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे प्रकल्प सुरू झाले, की चार-दोन गट तरी आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण हा विषय घेतात. साहित्य स्वस्त असते, अमोनिया ओतताच काळा साका डोळ्यांदेखत तयार होतो आणि बीकरला लोहचुंबक लावला की सगळा एका बाजूला सरकतो. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. प्रयोगशाळेत, व्हायवाच्या आदल्या दिवशी, कधी गंगापूर रोडवर चहा पिताना मुलांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वर्गात घाईत दिलेली उत्तरे इथे सविस्तर दिली आहेत.

सर, चिमूटभर पूड मोजता येते. मग एकच कण मोजायचा एवढा खटाटोप कशासाठी?

कारण सरासरी फसवते, आणि नॅनोकणांच्या बाबतीत तर फारच फसवते.

पुरेशा लहान कणात एकच चुंबकीय डोमेन असते. म्हणजे त्यातले सगळे अणू-चुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे असतात आणि अख्खा कण एका चुंबकासारखा वागतो. या चुंबकाला कणाच्या आत एक आवडता अक्ष असतो. त्या अक्षावर तो एकतर या टोकाकडे पाहतो किंवा त्या टोकाकडे. मध्ये ऊर्जेचा एक उंबरठा असतो. कणाचे घनफळ आणि पदार्थाची ॲनिसोट्रॉपी (आवडत्या अक्षाला धरून राहण्याची ओढ) यांचा गुणाकार म्हणजे त्या उंबरठ्याची उंची. खोलीतली उष्णता कणाला सतत धक्के देत असते, आणि कधी ना कधी तो उंबरठा ओलांडून उलटतो.

हे ‘कधी ना कधी’ म्हणजे किती? लुई नेल यांनी १९४९ मध्ये सांगितले, की हा काळ उंबरठ्याच्या उंचीनुसार घातांकी पद्धतीने वाढतो. कोबाल्टची नेहमीची ॲनिसोट्रॉपी, म्हणजे घनमीटरला साडेचार लाख ज्यूल, घ्या. तापमान ३०० केल्विन आणि मूळ कालमान (उलटण्याच्या दोन प्रयत्नांमधला काळ) एक नॅनोसेकंद धरा, आणि वहीत करून पाहा. ७ नॅनोमीटर व्यासाचा कण सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात उलटतो. ८ नॅनोमीटरचा सव्वा तास टिकतो. ९ नॅनोमीटरचा तीस-पस्तीस वर्षे. आणि १० नॅनोमीटरचा? सुमारे १६ कोटी वर्षे.

व्यासात अवघा तीन नॅनोमीटरचा फरक आहे. तुमच्या बीकरमध्ये हे चारही शेजारी शेजारी असतात. त्या सगळ्यांचे मिळून एक वक्र काढले आणि खाली ‘सरासरी व्यास साडेआठ नॅनोमीटर’ असे लिहिले, तर ते वाक्य नेमक्या कोणत्या कणाबद्दल आहे? दिंडोरी-निफाडचे बागायतदार हे चटकन ओळखतात. मूठभर द्राक्षांचा रस काढून ब्रिक्स (गोडीचे माप) पाहिला, की घडाच्या खांद्यावरच्या मण्यांची आणि शेंड्याच्या मण्यांची गोडी एकमेकांत मिसळून जाते. फरक पाहायचा तर मणी एकेक करूनच फोडावे लागतात.

आणखी एक गोष्ट. वरच्या हिशोबात ॲनिसोट्रॉपी मोठ्या कोबाल्टची घेतली आहे. लहान कणात पृष्ठभागावरच्या अणूंचा वाटा इतका वाढतो, की ते मूल्यच बदलते. किती बदलते, हे एकेका कणाकडे गेल्याशिवाय नक्की कळत नाही.

एका कणाचे चुंबकत्व असते तरी किती?

१० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटच्या (काळ्या आयर्न ऑक्साइडच्या) कणाची मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे चुंबक म्हणून ताकद, सुमारे २७,००० बोर मॅग्नेटॉन येते. आकडा मोठा वाटतो, पण बोर मॅग्नेटॉन हे एका इलेक्ट्रॉनच्या पातळीवरचे माप आहे. चांगल्या स्क्विड मॅग्नेटोमीटरला (अतिवाहक कड्याने चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राला) जेवढी मोमेंट जेमतेम जाणवते, तेवढी जमवायला असे चार कोटी कण लागतात.

म्हणजे काम अशक्य आहे असे नाही. यातली गोम अंतरात आहे. चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाने घटते. याच कणाच्या केंद्रापासून २० नॅनोमीटरवर क्षेत्र सुमारे ६ मिलिटेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या शंभरपटीहून जास्त. एक मायक्रोमीटर दूर गेलात, की ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजाराव्या हिश्श्याएवढे उरते. संवेदक किती भारी आहे याआधी तो कणाच्या किती जवळ नेता येतो, हे विचारा. पुढच्या सगळ्या पद्धती मुळात जवळ जाण्याच्याच पद्धती आहेत.

दुसरी अडचण आजूबाजूच्या गोंगाटाची. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडण्याची भीती निर्माण झाली आणि १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवावे लागले. तिथे मोजायची होती अख्खी पृथ्वी. इथे एक कण आहे, आणि लिफ्ट, रस्त्यावरची बस, शेजारच्या खोलीतला ट्रान्सफॉर्मर हे सगळे त्याच्या वाटेत येते.

आम्ही व्हीएसएमवर (नमुना थरथरवून चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) वक्र काढले. कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) शून्य आली. म्हणजे कण सुपरपॅरामॅग्नेटिक (उष्णतेने सतत उलटत राहणारे) आहेत, असे लिहू का?

लगेच लिहू नका. नव्वद टक्के प्रबंधांत हे वाक्य असते, म्हणून इथे थोडे थांबतो.

१० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचा उंबरठा खोलीतल्या उष्णऊर्जेच्या जेमतेम दीडपट असतो. असा कण नॅनोसेकंदांत उलटसुलट होतो. व्हीएसएमचा एक बिंदू घ्यायला सेकंद लागतात. त्यामुळे शून्य दिसणे बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ ‘माझ्या मोजणीच्या वेळेपेक्षा हे कण भरभर उलटतात’ एवढाच. सुपरपॅरामॅग्नेटिक हे पदार्थाचे नुसते विशेषण नव्हे, त्यात घड्याळही आले. शंभर सेकंदांची मोजणी असेल, तर उंबरठा उष्णऊर्जेच्या साधारण पंचवीसपट झाल्यावर तोच कण स्थिर दिसू लागतो. तेव्हा तापमान आणि मोजणीचा वेळ दोन्ही लिहा.

शिवाय पुडीत कण एकमेकांना चिकटलेले असतात. १० नॅनोमीटरचे दोन कण टेकले, तर एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या केंद्राशी ५० मिलिटेस्लापर्यंत जाते. म्हणजे तुम्ही कण मोजत नाही, कणांची चाळ मोजता. चाळीतल्या एकाचा स्वभाव त्यावरून सांगू नये.

अक्षही विखुरलेले असतात. एकाच अक्षाचे, एकमेकांशी संबंध नसलेले स्थिर कण सगळ्या दिशांना पसरले, तर क्षेत्र काढून घेतल्यावर उरणारे चुंबकत्व कमाल चुंबकत्वाच्या बरोबर निम्मे येते. स्टोनर आणि वोलफार्थ यांनी १९४८ मध्ये हे दाखवले. हे निम्मे दिशांच्या सरासरीतून येते. एकेका कणाचे वक्र अगदी चौकोनीही असू शकते.

मायक्रो-स्क्विडमध्ये नेमके काय करतात?

मला ही पद्धत सगळ्यांत आवडते, कारण इथे सिद्धांताची सरळ परीक्षा झाली.

स्क्विड म्हणजे अतिवाहकाचे एक कडे, ज्यात दोन ठिकाणी मुद्दाम अरुंद, कमकुवत जागा ठेवलेल्या असतात. जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केलेल्या भाकितावर ते चालते. पहिली स्क्विड १९६४ मध्ये फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत बनली. कड्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलला, की कडे विरोधाशिवाय किती वीज वाहू देते, ती मर्यादा बदलते. मायक्रो-स्क्विडमध्ये हे कडे नायोबियमचे आणि मायक्रोमीटरभर रुंदीचे असते. नायोबियम ९.२ केल्विनच्या खाली अतिवाहक होते, म्हणून द्रव हेलियमच्या पातळीची थंडी लागतेच. कण ठेवायचा तो त्या अरुंद जागेवरच. तिथे तो उलटला, की कड्यातला चुंबकीय प्रवाह एकदम उडी मारतो.

कण तिथे नेऊन ठेवणारा चिमटा अस्तित्वात नाही. चिपवर अनेक कडी बनवतात, कण शिंपडतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हवी ती जोडी शोधतात. बऱ्याच चिपा वाया जातात.

१९९७ मध्ये वेर्न्सडोर्फर आणि सहकाऱ्यांनी ग्रेनोबलमध्ये सुमारे २५ नॅनोमीटरच्या एका कोबाल्ट कणावर मोजणी केली. तोच कण पुन्हा पुन्हा उलटवला आणि प्रत्येक वेळी किती थांबावे लागले, किती क्षेत्र लागले, याची नोंद ठेवली. एकच उंबरठा असेल, तर न उलटता टिकून राहण्याची शक्यता वेळेनुसार शुद्ध घातांकी पद्धतीने घटायला हवी. ती तशीच घटली. नेल यांनी मांडलेले आणि ब्राउन यांनी १९६३ मध्ये नेटके केलेले गणित जवळपास अर्ध्या शतकानंतर एका कणावर पडताळले गेले. पुडीवर हे कधीच जमले नसते, कारण तिथे हजारो उंबरठे एकमेकांत मिसळलेले असतात.

२००१ मध्ये हीच मंडळी ३ नॅनोमीटरपर्यंत खाली गेली. साधारण हजार अणूंचा तो कोबाल्टचा पुंजका त्यांनी शिंपडला नाही. नायोबियमच्या थरातच तो गाडला आणि मग त्या थरातून कडे कोरले. त्याची ॲनिसोट्रॉपी मुख्यतः पृष्ठभागाने ठरते, असे निघाले. मोठ्या कोबाल्टचा आकडा इथे का चालत नाही, त्याचा हा पुरावा.

हिऱ्याने चुंबकत्व मोजतात, हे खरे का?

खरे आहे, आणि तेही खोलीच्या तापमानाला.

हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागूनची जागा रिकामी, अशी जोडी असते. तिला एनव्ही केंद्र म्हणतात. हिरवा लेसर टाकला, की ते लाल उजळते. २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला हा उजेड किंचित मंदावतो. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल, तर ही वारंवारता दुभंगते आणि दर मिलिटेस्लाला २८ मेगाहर्ट्झ सरकते. पृथ्वीच्या क्षेत्राने ती मेगाहर्ट्झभर सरकेल. २० नॅनोमीटरवर बसलेला आपला मॅग्नेटाइट कण स्थिर उभा राहिला, तर तिला पावणेदोनशे मेगाहर्ट्झपर्यंत ढकलू शकतो. वारंवारता आपण फार अचूक मोजू शकतो, त्यामुळे इथली सगळी ताकद तिथून येते. २००८ मध्ये या पद्धतीवरचे पहिले महत्त्वाचे निबंध आले.

पण आपला कण स्थिर उभा राहत नाही, नॅनोसेकंदांत उलटतो. मग सरासरी क्षेत्र शून्य होते आणि वारंवारता सरकत नाही. तेव्हा वेगळी युक्ती करतात. कणाच्या थरथरण्याने एनव्ही केंद्राचा स्पिन (त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे अंगभूत चुंबकत्व) लवकर विस्कटतो, आणि किती लवकर यावरून थरथर मोजतात. रक्ततपासणीत ज्याचे नाव वाचतो त्या फेरिटिनच्या पोटात जास्तीत जास्त ८ नॅनोमीटरचा लोहाचा गाभा असतो. २०१४ मध्ये अशा एकेका फेरिटिनची थरथर तापमानाबरोबर कशी मंदावते, हे हिऱ्याने टिपले गेले. शरीरातल्या लोहाचा साठा रेणू-रेणूने ऐकता यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आमच्याकडे एएफएम (बारीक टोक फिरवून पृष्ठभाग वाचणारा सूक्ष्मदर्शक) आहे. टोक बदलले की एमएफएम (चुंबकत्व वाचणारा) होईल ना?

होईल, पण सांभाळून. कोबाल्ट-क्रोमियमचा थर दिलेले टोक आधी पृष्ठभागाला लागून फिरते आणि उंच-सखलपणा नोंदवते. मग तोच रस्ता काही दशक नॅनोमीटर वरून पुन्हा चालते आणि चुंबकीय ओढ नोंदवते. तपशील साधारण २० ते ५० नॅनोमीटरपर्यंत दिसतो.

अडचण अशी, की टोक स्वतःच चुंबक आहे. मऊ कण त्याच्या क्षेत्राने उलटतो, आणि मग तुम्ही कण मोजला की टोकाने कणाला काय केले ते मोजले, हे कळत नाही. शिवाय टोक आणि कण यांच्यातला विद्युतभार अगदी चुंबकत्वासारखे चित्र काढतो. तपासणी सोपी आहे: टोकाचे चुंबकत्व उलटवून तीच जागा पुन्हा पाहा. काळ्याचे पांढरे झाले तर स्थिर चुंबकत्व आहे. बदल झाला नाही, तर विद्युतभार असेल किंवा टोकामागे फिरणारा सुपरपॅरामॅग्नेटिक कण असेल. दोन्ही वेगळे करायला बाहेरून क्षेत्र लावून चित्र बदलते का ते पाहावे लागते. ही दुसरी फेरी न करता एमएफएमचे चित्र प्रबंधात लावू नका.

इलेक्ट्रॉन होलोग्राफीचे काय?

कणाच्या आतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉन लहरीची कला (फेज) चुंबकत्वामुळे सरकते. तिचा बाहेरून आलेल्या लहरीशी संगम करून हे सरकणे वाचतात. कल्पना गॅबर यांची, १९४८ ची. चुंबकीय जीवाणूंच्या पोटातली मॅग्नेटाइटची माळ, तिच्यातल्या क्षेत्ररेषांसकट, १९९८ मध्ये अशी पाहिली गेली. सूक्ष्मदर्शकाचे मुख्य भिंगच दोनेक टेस्लाचे असते, ते बंद ठेवून काम करावे लागते. नाहीतर कण त्याच्याच दिशेला उभा राहतो.

मग यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती?

प्रश्न काय आहे, त्यावर ते ठरते. कण कधी आणि कोणत्या क्षेत्राला उलटतो हे हवे असेल, तर मायक्रो-स्क्विड. खोलीच्या तापमानाला किंवा जिवंत पेशीजवळ मोजायचे असेल, तर हिरा. कणाच्या आत चुंबकत्व कसे वळले आहे हे पाहायचे असेल, तर होलोग्राफी. मोठे, कडक कण आणि खिशाला परवडणारे साधन असेल, तर एमएफएम.

याचा नाशिकशी काही संबंध आहे का, की हे सगळे परदेशातलेच?

संबंध पायाखाली आहे. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आणि ब्रह्मगिरी ज्याचा बनला आहे, तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात टिटॅनोमॅग्नेटाइटचे बारीक कण आहेत. लाव्हा थंड होताना एकेक कणाचा उंबरठा उष्णतेला भारी पडला आणि त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा तिथेच गोठली. ही दिशा वाचून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दाखवले, की दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

आणि नेल यांच्या १९४९ च्या निबंधाचा उद्देश काय होता? भाजलेल्या मातीचे चुंबकत्व. कुंभाराच्या भट्टीतले मडके आणि वीट थंड होताना त्या दिवसाचे क्षेत्र लक्षात ठेवतात, ते का, हा त्यांचा प्रश्न होता. नॅनो हा शब्द चलनात येण्याच्या कितीतरी आधी हे गणित मातीच्या भांड्यासाठी मांडले गेले. पहिल्या प्रश्नातला ‘१६ कोटी वर्षे’ हा आकडा ज्यांना कागदी वाटला, त्यांनी ब्रह्मगिरीचा एखादा दगड हातात घ्यावा.

गोदावरीच्या वाळूत लोहचुंबक फिरवला, की काळी पूड चिकटते. ते नॅनोकण आहेत का?

नाहीत. बेसॉल्ट झिजून सुटलेले टिटॅनोमॅग्नेटाइटचे दाणे आहेत ते, आणि ते नॅनोकणापेक्षा हजारो पटींनी मोठे असतात. एकेका दाण्यात अनेक डोमेन असतात, त्यामुळे वरचे एक-उंबरठ्याचे गणित त्यांना लागू नाही. बॉल मिलमध्ये दळून बारीक करू, असे दर वर्षी कोणीतरी सुचवते. दळता येते, पण आकार वाटेल तसे पसरतात, ताण शिरतो आणि मिलचे लोखंडही मिसळते. वाळू कुतूहलासाठी उत्तम आहे. कण मात्र क्षारांपासून करा: फेरिक आणि फेरस दोनास एक, अमोनिया हळूहळू, ढवळणे न थांबवता. पाण्यातून आधी नायट्रोजन सोडा, नाहीतर मॅग्नेटाइटचे मॅगेमाइट होते आणि काळा रंग तपकिरीकडे झुकतो.

एकेकटे कण मिळवायला नमुना कसा तयार करायचा?

कणांवर ओलेइक ॲसिडचा थर द्या, म्हणजे ते चिकटत नाहीत. मग हेक्झेनसारख्या द्रावकात भरपूर पातळ करा, अल्ट्रासोनिकेटरमध्ये धरा, स्वच्छ सिलिकॉनवर एक थेंब टाका. दोन कणांच्या केंद्रांत १०० नॅनोमीटर अंतर राहिले, तर शेजाऱ्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राइतकेच उरते. तेवढे चालते. थेंब वाळताना कडेला कण गोळा होतात, म्हणून मोजणी थेंबाच्या मध्यावर करा.

आणि स्टीलचा चिमटा वापरू नका. हे मी अनुभवावरून सांगतो. एका प्रकल्पात आमच्या कोऱ्या सिलिकॉनवरच हिस्टेरेसिसचे (क्षेत्र काढले तरी चुंबकत्व मागे राहण्याचे) सुंदर वक्र आले. दोन आठवडे आम्ही रसायने, काच, पाणी सगळे तपासले. दोष चिमट्याचा होता. एक मायक्रोमीटरचा लोखंडाचा कपचा १० नॅनोमीटरच्या सुमारे ७० लाख मॅग्नेटाइट कणांएवढा संकेत देतो. डोळ्याला तो दिसतही नाही. त्या गटातल्या मुलींनी ते दोन आठवडे प्रबंधात एक अख्खे प्रकरण म्हणून लिहिले आणि माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत चांगले प्रकरण होते. प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा घ्या आणि कोऱ्या चिपची मोजणी नेहमी आधी करा.

हे करायला जायचे कुठे?

इंदूरच्या यूजीसी-डीएई संकुलात स्क्विड मॅग्नेटोमीटर आणि एमएफएम आहे, आणि विद्यापीठ-महाविद्यालयांच्या प्रस्तावांना तिथे वेळ मिळतो. अर्ज मार्गदर्शकाच्या नावाने जातो. टीईएमसाठी (आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) आयआयटी मुंबईचे साइफ केंद्र शुल्क घेऊन नमुने पाहते. हिऱ्याच्या संवेदकांवरही आयआयटी मुंबईत काम चालते. राष्ट्रीय क्वांटम मिशनचे संवेदन आणि मापनाचे केंद्र २०२४ मध्ये तिथेच दिले गेले. नाशिकहून पहाटेची गाडी धरली तर एका दिवसात जाऊन येता येते.

नमुना पाठवताना तयार केल्याची तारीख, किती पातळ केला आणि कोणत्या द्रावकात, हे डबीवर लिहा. सोबत कोरी चिप वेगळ्या डबीत ठेवा, सिलिका जेलची पुडी टाका, आणि ती पिशवी मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ ठेवू नका.